काकांनी न तोडलेलं बांडगूळ

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

आपला शिंगवालो किडा नवीन जातीचाच निघाला, काका. परवा शोधनिबंध स्वीकारल्याचं पत्र आलं. अंक बाहेर पडायला अजून काही आठवडे आहेत, त्यामुळे नाव काय ठेवलं ते आज सांगता येत नाही. निबंध रीतसर प्रसिद्ध होईपर्यंत शास्त्राच्या लेखी ते नाव नसतंच, आणि आधीच कुठे अर्धवट छापलं गेलं तर पुढच्यांना त्रास होतो. आभार मानायला मात्र थांबवत नाही. हे पत्र नातीकडून वाचून घ्या. बाकीच्यांनीही वाचावं म्हणून ते उघड लिहिते आहे.

तुम्हाला आठवत असेल, मे महिन्यात मी तुमच्या पडवीसमोर पांढरी चादर ताणून दिवा लावला होता. रात्री अकराच्या सुमारास चादरीवर ती मादी येऊन बसली. तांदळाच्या दाण्याएवढी, काळपट तपकिरी, दोन्ही खांद्यांवर शिंगं आणि मागे पंखांवरून गेलेला लांब काटा. तुम्ही वाकून बघितलंत आणि म्हणालात, "ह्येका शिंगां आसत गो!" ट्रीहॉपरची, म्हणजे या शिंगवाल्या किड्यांची, ती शिंगं डोक्यावरची नसतात. डोक्यामागच्या, छातीच्या पहिल्या भागावरचं कवच वाढून ती झालेली असतात. या कुळाच्या जगभरात 3,000 हून जास्त जाती आहेत. कुणाचं कवच काट्यासारखं, कुणाचं पानासारखं, तर दक्षिण अमेरिकेतल्या काहींच्या पाठीवर देठांवर लावलेले गोळेच दिसतात.

पुण्याला येऊन मी ती मादी मोजली, तिची चित्रं काढली. कीटकशास्त्रज्ञ डिस्टंट यांच्या 1908 सालच्या खंडापासून पुढे आपल्या देशातल्या जातींची जेवढी वर्णनं मिळाली तेवढी ताडून पाहिली. कशाशीच जुळेना. तरी एवढ्यावर नवीन जात जाहीर करायला मन धजेना. जवळच्या जाती वरवर एकसारख्या दिसतात, खरा फरक नराच्या जननेंद्रियांत सापडतो, आणि माझ्याकडे नर नव्हता. शिवाय दिव्यावर आलेला किडा कुठल्या झाडावर राहतो, तेही कळत नाही.

त्याच सुमारास मी कैकाइया गागा या ट्रीहॉपरविषयी वाचलं. निकाराग्वाच्या जंगलात पकडलेला तो किडा जवळपास तीस वर्षं पिट्सबर्गच्या कार्नेगी संग्रहालयात टाचणीला लागून होता. 2020 साली मॉरिस आणि डीट्रिख या कीटकशास्त्रज्ञांनी त्याचं वर्णन केलं, तेव्हा कुठे त्याला नाव मिळालं. माझी मादीही अशीच पेटीत पडून राहील, याची मला फार धास्ती वाटत होती.

मग ऑक्टोबरात तुमचा फोन आला. "बाय गो, तुझो शिंगवालो गावलो. बांडगुळार आसा."

पाऊस उघडल्यावर तुम्ही कलमांवरची बांडगुळं तोडायला चढला होतात. देवगडच्या बागेत हे काम चुकवून चालत नाही. बांडगूळ आंब्याच्या फांदीत मूळ घुसवून तिचं पाणी ओढतं, आणि नुसती पानं छाटली तर पुन्हा फुटतं, म्हणून गाठीच्या खालून फांदीच काढावी लागते. पहिल्या दिवशी तुम्ही बरीच झाडं साफ केली. एका झुपक्यावर ओंबिलांची, झाडावरच्या लाल मुंग्यांची, ये-जा जरा जास्त दिसली म्हणून कोयता थांबवलात, पानं बाजूला केलीत आणि देठावर ओळीने बसलेले शिंगवाले बघितलेत. त्या फांदीला लाल चिंधी बांधून तुम्ही खाली उतरलात.

ओंबील तिथे का होत्या, ते मी नंतर तुम्हाला सांगितलं. हे किडे देठाचा रस पितात, त्यातली जादा साखर थेंबाथेंबाने बाहेर टाकतात, मुंग्या ती चाटतात आणि बदल्यात राखण करतात. ही राखण तुमच्या हातांना चांगलीच कळली. फांदी हलली तर किडे उडतील म्हणून तुम्ही हात झटकलासुद्धा नाहीत. मी आले तेव्हा तुमच्या मनगटापासून कोपरापर्यंत लाल गांधी उठल्या होत्या.

त्या एका झुपक्यापायी तुम्हाला बोलणी खावी लागली, तीही माझ्यासमोर. बागायतदारांचंही चुकत नव्हतं. मोहोरावर तुडतुडा पडला की वर्षाचं उत्पन्न जातं, आणि हाही दिसायला तुडतुड्याचाच भाऊबंद. तुम्ही उलट उत्तर दिलं नाहीत. एवढंच म्हणालात की हा आंब्यावर बसत नाही, बांडगुळावरच बसतो, आणि काम झालं की ती फांदी मी माझ्या वेळात, मजुरी न घेता काढून देईन. फवारणी सुरू व्हायच्या आत तुम्ही ती काढूनही दिलीत. मधले तीन आठवडे मला मिळाले ते तुमच्या शब्दावर.

त्या तीन आठवड्यांत मी दोनदाच येऊ शकले. बाकीचे दिवस तुम्ही बघितलं. एक मादी देठात चीर पाडून अंडी घालून त्यांच्यावर बसली होती. ती हलते का, एवढं फक्त बघा, असं मी म्हटलं होतं. तुम्ही रोज सकाळी शिडी लावून बघत होतात आणि भिंतीवरच्या कालनिर्णयात त्या दिवसाच्या चौकोनात पेन्सिलीने लिहीत होतात: आवस आसा. आवस आसा. आवस आसा. एका दिवशी लिहिलं होतं: पोरां इली, आवस थंयच. काका, या किड्यांच्या काही जातींत पिल्लं बाहेर आल्यावरही आई राखण करते, हे पुस्तकांत आहे. आपल्या जातीविषयी ते पहिल्यांदा कुणी लिहिलं असेल, तर ते तुम्ही, त्या कॅलेंडरवर. निबंधातल्या त्या परिच्छेदात निरीक्षण तुमचं आहे हे तुमच्या नावानिशी नोंदवलं आहे.

आणि नर. मी दुसऱ्यांदा आले तेव्हा फांदीला छोटा चिमटा-माइक लावला होता. ट्रीहॉपर हवेतून ओरडत नाहीत. ते देठ थरथरवतात आणि दुसऱ्याला ती थरथर पायांतून कळते. बराच वेळ काही ऐकू येईना, म्हणून मी कानातलं तुमच्याकडे दिलं. तुम्ही डोळे मिटून बसलात. मग हळूच म्हणालात, "लांब खंयतरी ढोल वाजता." मी ऐकलं. खोल, थांबून थांबून येणारा आवाज, आणि त्याला लगेच दुसरं, बारीक उत्तर. नर त्याच झुपक्यात होता! मी खालून दुर्बिणीतून शोधत राहिले आणि तुम्ही वर जाऊन, कोवळ्या पानाच्या मागे बसलेल्या त्या लहानशा, बारीक शिंगाच्या किड्यावर काचेची नळी अलगद टेकवलीत. माझ्या हातून तो नक्की उडाला असता.

प्रयोगशाळेत त्याच्या पोटाचं टोक पोटॅशच्या पाण्यात ठेवून मऊ केलं, ग्लिसरीनच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली घेतलं. केसाहून बारीक तो अवयव टोकाशी आकड्यासारखा वळला होता आणि खाली दातेरी कडा होती. असा आकार या गटात मी कुठल्याच चित्रात पाहिला नव्हता. पुन्हा पुन्हा कुशीवर वळवून बघितला आणि मग मार्गदर्शक बाईंना हाक मारली.

तोच नर आता होलोटाइप आहे, म्हणजे या जातीचा नमुना. उद्या कुणालाही दुसरीकडे असा किडा सापडला, तर तो हाच का, हे ठरवायला आपल्या नराशीच ताडून पाहावं लागेल. 2002 च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे असा नमुना सरकारने नेमलेल्या संग्रहात जमा करायचा असतो. आपली पेटी झूऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाच्या आकुर्डीच्या केंद्रात जाईल. टाचणीवर किड्याच्या खाली नखाएवढी चिठ्ठी आहे. तिच्यावर गाव, तालुका, तारीख, "आंब्यावरचं बांडगूळ", आणि शेवटच्या ओळीत पकडणाऱ्याचं नाव. पकडलं तुम्ही, म्हणून नाव तुमचं आहे.

पेटी बुधवारी जमा करायची आहे. त्याआधी रविवारी मी ती घेऊन तुमच्याकडे येते. भिंग आणते. चिठ्ठीवरची अक्षरं फार बारीक आणि इंग्रजी आहेत. नातीला सांगून ठेवा, ती तिनेच वाचून दाखवायची आहे. आणि कॅलेंडरचं ते पान फाडू नका.

तुमची,
बाय