दोघे एकाच चौकटीत

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

ऑगस्ट २०२५ मध्ये ज्येष्ठ अभिनेते बाळ कर्वे यांचे वयाच्या ९५ व्या वर्षी निधन झाले. ती बातमी मी घरात मोठ्याने वाचून दाखवली, तेव्हा माझ्या थोरल्या बहिणीच्या तोंडून पहिले वाक्य निघाले ते असे : ‘अरेरे, चिमणराव एकटे पडले.’ कर्व्यांनी रंगभूमीवर आणि पडद्यावर पुष्कळ कामे केली, परंतु त्यांच्या जाण्याने माझ्या बहिणीला आठवला तो ‘चिमणराव’ मालिकेतील त्यांचा जोडीदार. त्या वाक्यापासून एक विषय मनात घोळतो आहे आणि तो आपल्या वाचकांपुढे मांडावासा वाटतो. दूरदर्शनच्या सुरुवातीच्या काळातील विनोदी जोड्या आपल्या मनात इतक्या घट्ट का बसल्या आणि त्यांचे जे थोडेफार चित्रमुद्रण उरले आहे ते आज आपण कशा रीतीने लोकांपुढे ठेवतो, हा तो विषय होय.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. गिरगावातील आमच्या चाळीत त्यानंतर बरीच वर्षे एकच संच होता. त्याला लाकडी सरकती दारे होती आणि ती उघडण्याचा मान घरमालकीण काकूंचा असे. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात विजया धुमाळे यांच्या निर्मितीतील ‘चिमणराव’ ही मालिका सुरू झाली, तेव्हा मी शाळेत होतो. चिमणरावांच्या भूमिकेत दिलीप प्रभावळकर आणि गुंड्याभाऊंच्या भूमिकेत बाळ कर्वे. चिमणरावांचे जनक, विनोदी लेखक चिं. वि. जोशी हे बडोद्याच्या महाविद्यालयात पाली भाषा शिकवणारे विद्वान गृहस्थ, आणि त्यांचे हे दोन मानसपुत्र दूरदर्शन येण्याच्या कितीतरी आधीपासून पुस्तकांतून मराठी घरांत नांदत होते. त्यामुळे ही मालिका पाहायला बसलेल्या वडीलधाऱ्या मंडळींच्या मनात चिमणराव-गुंड्याभाऊ आधीच ठरलेले होते.

माझ्या वडिलांचेच उदाहरण सांगतो. १९४० आणि १९४२ साली आलेल्या मास्टर विनायकांच्या दोन चित्रपटांत दामूअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग यांनी या भूमिका केल्या होत्या, आणि वडिलांनी ते दोन्ही चित्रपट तरुणपणी पाहिले होते. ‘चिमणराव म्हणजे दामूअण्णा, आता दुसरे कोण करणार?’ असे म्हणून पहिल्या भागाला ते काकूंच्या खोलीत आलेच नाहीत. दुसऱ्या भागाला दारात उभे राहून पाहिले. तिसऱ्या भागाला मात्र आपली खुर्ची स्वतः उचलून घेऊन आले आणि मालिका सुरू होण्याच्या दहा मिनिटे आधी जाऊन बसले. रात्री घरी आल्यावर आईला म्हणाले, ‘पोरगा दामूअण्णांसारखा करत नाही, वेगळेच करतो, पण त्या दोघांचे जमले आहे.’

‘जमले आहे’ हा शब्द मला फार नेमका वाटतो. हल्ली ज्याला केमिस्ट्री म्हणतात त्याला आमच्या पिढीतील नाटकवेडी माणसे जमणे म्हणत आणि ते का जमते, याची कारणेही त्यांना ठाऊक असत. प्रभावळकर आणि कर्वे यांच्यात वयाचे १४ वर्षांचे अंतर होते. एकाची अंगकाठी किरकोळ, आवाज बारीक, वाक्य अर्ध्यावर आल्यावर पुढे जावे की माघार घ्यावी अशा विवंचनेत सापडलेला. दुसरा देहाने भरभक्कम, आवाजाने खणखणीत आणि आपल्या शौर्यावर संपूर्ण विश्वास असलेला. एवढा विरोध कोणताही दिग्दर्शक दोन नट निवडताना साधू शकतो. जाड्या-रड्याच्या जोड्या जगभर आहेत आणि त्यांतल्या पुष्कळशा विस्मरणात गेल्या आहेत. या जोडीचे खरे बळ मला त्या विरोधात दिसत नाही, दोघांनी एकमेकांचे बोलणे ऐकण्यात दिसते.

हे मी अंदाजाने लिहीत नाही. बातमी वाचली त्या आठवड्यात आंतरजालावर मिळालेला या मालिकेचा एक भाग मी आवाज पूर्ण बंद करून पाहिला आणि चिमणराव बोलत असताना नजर हट्टाने केवळ गुंड्याभाऊंवर ठेवली. कर्वे जवळजवळ काहीच करत नाहीत. चाळा नाही, प्रेक्षकांकडे चोरून टाकलेला कटाक्ष नाही. चिमणरावांचे म्हणणे त्यांना आधी पटते, मग त्यात काहीतरी गडबड आहे असे वाटू लागते, आणि मग आता आपणच हे प्रकरण हाती घेतले पाहिजे, असा निश्चय त्यांच्या खांद्यांत दिसू लागतो. तोवर त्यांनी तोंड उघडलेले नसते. पुढे ते जे बोलतात त्यावर हशा येतो खरा, पण तो हशा त्या गप्प बसण्यातच तयार झालेला असतो. मग मी तोच प्रवेश आवाजासह पुन्हा लावला आणि या वेळी गुंड्याभाऊ बोलत असताना प्रभावळकरांकडे पाहिले. आपल्या या भावाच्या धाडसाचा भरणा शेवटी आपल्यालाच करावा लागणार, ही चिमणरावांची धास्ती एकेका शब्दागणिक वाढत जाते. दोघांपैकी कोणीही दुसऱ्याचे वाक्य खात नाही, आणि दुसऱ्याचा हशा पुरता ओसरेपर्यंत आपले वाक्य टाकण्याची घाईही करत नाही.

यात त्या काळच्या तंत्राचाही वाटा होता. कृष्णधवल चित्र, स्टुडिओत मोजके कॅमेरे, संकलनाच्या सोयी तुटपुंज्या. त्यामुळे नाटकातल्याप्रमाणे लांबच लांब प्रवेश सलग करावा लागे आणि चूक झाली तर पुष्कळसे पुन्हा करावे लागे. साहजिकच तालमीवाचून गत्यंतर नसे. दुसरे असे की, कॅमेरा बराच वेळ दोघांनाही एकाच चौकटीत धरून ठेवत असे. कोणाकडे पाहायचे, हे प्रेक्षकाने ठरवावे. मी शाळकरी वयात बोलणाऱ्याकडे पाहत असे. आज, साठी उलटल्यावर, ऐकणाऱ्याकडे पाहतो. एकाच प्रवेशात दोन वयांना पुरेल एवढे सामावलेले होते, याचे मला अजून नवल वाटते.

हे सारे आले होते रंगभूमीवरून. बबन प्रभू यांचे उदाहरण मला या बाबतीत फार बोलके वाटते. आत्माराम भेंडे यांच्यासमवेत त्यांनी मराठी रंगमंचावर फार्स रुजवला. तो वेग, ती दारांची उघडझाप, एकाने निघायचे आणि त्याच क्षणी दुसऱ्याने यायचे, हे सगळे सेकंदाच्या हिशेबाने बांधलेले असे आणि जोडीदारावर डोळे मिटून विश्वास असल्याशिवाय ते शक्यच नव्हते. तेच बबन प्रभू दूरदर्शनवर याकूब सईद यांच्याबरोबर ‘हास परिहास’ करू लागले. लहान पडद्यावर तीन अंकांची धावपळ नव्हती, जोडीदार निराळा होता, आणि प्रभूंच्या विनोदाची लयही निराळी झाली. भेंड्यांबरोबरचे प्रभू आणि सईद यांच्याबरोबरचे प्रभू हे एकाच झाडाचे दोन वेगळे बहर होते. विनोदी नटाचे मोठेपण त्याच्या एकट्याच्या अंगी मोजता येत नाही, समोर कोण उभे आहे त्यावर ते पालटते, असे मी त्यावरून समजतो. विनायक चासकर यांच्या ‘गजरा’ या कार्यक्रमातही वेगवेगळे कलावंत एकत्र येत. त्यातले काय काय पाहिले होते ते आता सुटे सुटेच आठवते, पण त्या संध्याकाळी चाळीच्या जिन्यात चिटपाखरू नसे, हे मात्र लख्ख आठवते.

या विषयावर अधिकाराने बोलावे असा मी कोणी नट नाही. मात्र बँकेच्या नोकरीत असताना आम्ही दरवर्षी आंतरशाखा नाट्यस्पर्धेत एकांकिका करत असू, आणि माझ्याच शाखेतील एक मित्र सलग सात वर्षे माझा जोडीदार होता. एका वर्षी भर प्रयोगात माझे पुढचे वाक्य पार पुसले गेले. विंगेतून प्रॉम्प्टरचा आवाज येईना. मित्राच्या हातात त्या प्रवेशात वर्तमानपत्र होते. त्याने ते शांतपणे मिटले, घडी घातली, ती मनासारखी झाली नाही म्हणून पुन्हा उलगडून घातली, आणि या सबंध वेळात नजर माझ्यावरच ठेवली, जणू मी काहीतरी कबूल करण्याची तो वाट पाहत होता. दुसऱ्या घडीला प्रेक्षकांत हशा सुरू झाला, आणि त्या हशात मला वाक्य आठवले. पुढे तालमीत ती घडी आम्ही कायमची ठेवली. माझा तो मित्र आता हयात नाही. तो गेल्यानंतर तीच एकांकिका, तीच वाक्ये, तीच वर्तमानपत्राची घडी दुसऱ्या एका गुणी सहकाऱ्याबरोबर करून पाहिली. सभागृहात कोणी हसले नाही. तो सहकारी घडी अगदी व्यवस्थित घालत होता, परंतु माझ्याकडे पाहत नव्हता.

म्हणूनच आजचे विनोदी कार्यक्रम पाहताना मला कलावंतांविषयी तक्रार करावीशी वाटत नाही. महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून आलेली ही मुले-मुली विलक्षण हुशार आहेत, त्यांच्या बोलीत जोर आहे आणि दर आठवड्याला नवे प्रहसन उभे करण्याचे जे ओझे ती वाहतात, ते आमच्या चिमणराव-गुंड्याभाऊंच्या वाट्याला आले नव्हते. त्यांच्यातही जमलेल्या जोड्या आहेत. माझे दुःख एवढेच की त्यांचे जमलेले आम्हाला पाहू दिले जात नाही. एकाने वाक्य टाकले की दुसरा ते कसे झेलतो हे पाहायला आम्ही सरसावतो, आणि नेमक्या त्या क्षणी पडद्यावर येतो तो परीक्षकांचा, नाहीतर पाहुण्यांचा, हसणारा चेहरा, वर संगीताचा एक ठोका. दोन माणसांमधली ती जी लहानशी शांतता असते, जिच्यात विनोद पिकतो, ती कापून टाकली जाते.

जुन्या चित्रमुद्रणाच्या बाबतीत तर याहूनही वाईट घडते आहे, आणि तेच या पत्राचे मुख्य कारण आहे. कर्वे यांच्या निधनानंतर माझ्या भ्रमणध्वनीवर श्रद्धांजलीच्या अनेक चित्रफिती आल्या. पाठवणाऱ्यांचा भाव चांगला होता, याविषयी मला तिळमात्र शंका नाही. परंतु त्यांतील एका चित्रफितीत मूळचे जवळजवळ चौकोनी चित्र आजच्या रुंद पडद्यासाठी आडवे ताणलेले होते, त्यामुळे प्रभावळकरांची ती किरकोळ अंगकाठीच नाहीशी झाली होती, जिच्यावर निम्मी भूमिका उभी होती. दुसरी चित्रफीत भ्रमणध्वनीच्या उभ्या पडद्यासाठी दोन्ही बाजूंनी कापलेली होती. तीत मधोमध चिमणराव बोलत होते, आणि डाव्या कडेला एका कोटाची बाही आणि अर्धा खांदा तेवढा दिसत होता. माझी नऊ वर्षांची नात शेजारी बसून पाहत होती. तिने विचारले, ‘आजोबा, हे कोणाशी बोलत आहेत?’ ज्या माणसाला श्रद्धांजली वाहण्यासाठी ती चित्रफीत बनवली होती, तोच माणूस तीत कापला गेला होता.

त्या काळी ध्वनिचित्रफिती महाग होत्या आणि एका कार्यक्रमावर दुसरा कार्यक्रम मुद्रित करण्याची पद्धत होती. त्या दिवसांत गेले ते गेले. तेव्हाच्या माणसांना आज बोल लावण्यात अर्थ नाही. परंतु जे उरले आहे ते संपूर्ण आणि मूळ आकारात दाखवणे तरी आपल्या हाती आहे. दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीला माझी कळकळीची विनंती आहे की संग्रहात असलेले या काळातील विनोदी कार्यक्रम आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, न कापता आणि न ताणता प्रक्षेपित करावेत. पडद्याच्या दोन्ही बाजूंना काळी जागा राहिली तरी प्रेक्षकांची काही हरकत असणार नाही. प्रत्येक भागासोबत कलावंतांबरोबरच लेखक, कॅमेरामन, नेपथ्यकार आणि रंगभूषाकार यांची नावे द्यावीत. त्यांपैकी जी मंडळी आज हयात आहेत, त्यांच्या आठवणी सवडीने नव्हे तर तातडीने मुद्रित करून घ्याव्यात. सुदैवाने प्रभावळकर वयाची ८० वर्षे ओलांडूनही उत्साहाने काम करत आहेत. त्यांना जुना एखादा भाग दाखवत, मध्येच थांबवून, इथे तुम्ही का थांबलात, इथे कर्व्यांनी काय केले, हे विचारणारा एक दीर्घ कार्यक्रम झाला तर तो नाट्यशाळेतल्या मुलांनाही उपयोगी पडेल.

आणि जे हौशी लोक आपल्या प्रेमापोटी असे तुकडे कापून एकमेकांना पाठवतात, त्यांनाही माझे हात जोडून सांगणे आहे. तुकडा लहान असला तरी चालेल, चित्र धूसर असले तरी चालेल, पण चौकट कापू नये. चिमणराव कोणाशी बोलत आहेत, ते माझ्या नातीच्या वयाच्या मुलांना दिसू द्यावे.

आपला नम्र,
एक जुना प्रेक्षक, ठाणे