तेजोमेघाच्या छायाचित्राखाली आणखी दोन ओळी हव्यात

महोदय,

मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाची, म्हणजे वायू आणि धुळीच्या चमकत्या ढगाची, गुलाबी-जांभळी छायाचित्रे वृत्तपत्रांत येतात, खाली फक्त नाव असते. ती पाहून हौसेने दुर्बीण घेतलेला माणूस डोळा लावतो, तर समोर राखाडी धुरकट डाग. मग दुर्बीण माळ्यावर जाते. वास्तविक दुर्बीण उत्तम असते. चित्र कसे तयार झाले, हे कुणी सांगितलेले नसते.

नवे तारे जन्मतात त्या मेघांतला हायड्रोजन ६५६ नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा प्रकाश टाकतो. अंधारात आपण डोळ्याच्या पडद्यावरच्या दंडपेशींनी पाहतो. त्यांना रंग कळत नाहीत आणि तांबड्याला तर त्या जवळजवळ आंधळ्याच. त्या सर्वांत तल्लख असतात ५०० नॅनोमीटरच्या आसपास, आणि आयनीभूत (इलेक्ट्रॉन गमावलेल्या) ऑक्सिजनच्या प्रकाशाची हिरवी रेषा नेमकी तिथे, ५००.७ला येते. त्यामुळे कॅमेरा मुख्यतः हायड्रोजन टिपतो, डोळा मुख्यतः ऑक्सिजन. मृगातल्या मेघाचा गाभा इतका तेजस्वी आहे की आठ इंची दुर्बिणीतून पुष्कळांना तिथे फिकट हिरवी झाक जाणवते. तांबडा मात्र दिसेल अशी आशा धरू नये.

सर्रास होणारी चूक म्हणजे वर्धन, म्हणजे प्रतिमा किती पट मोठी दिसते ते, वाढवणे. वर्धन दुप्पट केले की तोच प्रकाश चौपट क्षेत्रावर पसरतो आणि मेघ विरून जातो. १५० मिमी व्यासाच्या, १२०० मिमी नाभीय अंतराच्या दुर्बिणीला ३२ मिमीचा आयपीस (डोळ्याकडचे भिंग) लावला की वर्धन ३७ पट आणि डोळ्यात शिरणारी प्रकाशशलाका ४ मिमी जाडीची होते. सुरुवात इथून करावी. मेघाच्या पोटातले चार तारे, ट्रॅपेझियम, सुटे पाहायचे तेव्हाच जास्त वर्धन देणारा १० मिमीचा आयपीस चढवावा.

डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस ते तीस मिनिटे लागतात. मोबाइलकडे एकदा पाहिले की ती गेली. नकाशासाठी मंद तांबडा दिवा ठेवावा. नजर मेघावर न रोखता किंचित बाजूला ठेवावी, म्हणजे दोन्हीकडे पसरलेले पंख उमटू लागतात आणि गाभ्यात घुसलेली काळी खाच स्पष्ट होते. दुर्बीण हलकेच थोपटली तरी फरक पडतो, कारण हलणारी अंधूक गोष्ट डोळा चटकन पकडतो.

फक्त ऑक्सिजनच्या रेषेचा प्रकाश आत सोडणारा फिल्टर मेघ उजळवत नाही, मागचे आकाश काळे करतो. कृत्तिकांभोवतीचा मेघ ताऱ्यांचा प्रकाश नुसता परावर्तित करतो, तिथे हा फिल्टर निरुपयोगी. उलट दृश्य अंधारते.

छायाचित्रांतले रंग खोटे असतात, असेही नव्हे. हबल अवकाश दुर्बिणीने १९९५ मध्ये टिपलेल्या गरुड तेजोमेघातल्या स्तंभांच्या चित्रात गंधकाला लाल, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा रंग दिला आहे. गंधक आणि हायड्रोजन दोन्ही मुळात तांबडेच, वेगळे ओळखू यायचे कसे? वेब अवकाश दुर्बिणीने २०२२ मध्ये त्याच स्तंभांची छायाचित्रे अवरक्त प्रकाशात घेतली, जो डोळ्याला दिसतच नाही.

म्हणून विनंती अशी की, तेजोमेघाचे छायाचित्र छापताना उपकरण, एकूण प्रकाशग्रहणाचा वेळ आणि कोणता रंग कशासाठी, एवढे खाली द्यावे. शेजारी आयपीसमधून पाहून पेन्सिलीने काढलेले रेखाटन छापता आले तर फारच उत्तम.

– एक आकाशनिरीक्षक