भाकरीचा राखणदार

रॉचेस्टर, केंट

तीर्थरूप आप्पा आणि सौ. आई यांना साष्टांग नमस्कार.

पत्रास कारण की, मागे फोनवर तुम्ही विचारले होते, आपण ज्याला पिढ्यान्‌पिढ्या लाटसाहेब म्हणत आलो त्या ‘लॉर्ड’ शब्दाचा मूळ अर्थ तरी काय. दोन वाक्यांत उरकण्याजोगे ते उत्तर नव्हते, म्हणून सविस्तर लिहितो.

हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत हा शब्द ‘ह्लाफोर्द’ असा होता आणि त्याच्याही मागे गेले की ‘ह्लाफ’ आणि ‘वेअर्द’ असे दोन शब्द जोडलेले दिसतात. ह्लाफ म्हणजे रोटी. अख्ख्या पावाला आज इथे ‘लोफ’ म्हणतात, तो हाच शब्द. वेअर्द म्हणजे राखण करणारा. आपल्या महापालिकेचे आणि इस्पितळाचे ‘वॉर्ड’ त्याच घराण्यातले. तेव्हा ज्या पदवीपुढे आपल्याकडच्या भल्याभल्या संस्थानिकांनी मान तुकवली, तिचा अर्थ भाकरीचा राखणदार एवढाच निघतो. धान्याची कोठी ज्याच्या ताब्यात, तो घरधनी.

आईला सांगा की ‘लेडी’ हा शब्द तर थेट परातीतून उठून आला आहे. त्याचे जुने रूप ‘ह्लॅफडिये’, म्हणजे रोटीची कणीक मळणारी. कणकेला इंग्रजीत ‘डो’ म्हणतात, तो शब्द आणि या ‘डिये’चे मूळ एकच. संस्कृतातला लिंपणे या अर्थाचा ‘दिह्’ धातू आणि त्यापासून झालेला आपला ‘देह’ हेही त्याच दूरच्या कुळातले मानले जातात. राखणे धन्याकडे आणि मळणे धनिणीकडे, ही वाटणी तिकडेही आपल्यासारखीच होती; पण दोघांनाही मान भाकरीवरूनच मिळाला, हे मला विशेष वाटते.

ही भाकर खाणाऱ्यालाही एक नाव होते. केंटचा राजा एथेलबर्ट याचे इसवी सन ६०० च्या सुमाराचे कायदे हे इंग्रजीत लिहिलेले, आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने कायदे होत. त्यांची एकमेव जुनी प्रत बाराव्या शतकातल्या ज्या हस्तलिखितात उतरवलेली आहे, ते ‘टेक्स्टस रॉफेन्सिस’ आमच्या याच गावच्या कॅथीड्रलचे. त्यात एक कलम असे आहे की, एखाद्या स्वतंत्र शेतकऱ्याच्या ‘ह्लाफ-ॲटा’ला कोणी ठार मारले, तर मारणाऱ्याने सहा शिलिंग भरपाई द्यावी. ह्लाफ-ॲटा म्हणजे शब्दशः रोटी खाणारा, अर्थात पदरी असलेला गडी. मिठाला जागणारा म्हणून आपण चाकराचा गौरव करतो. इथे कायद्याने त्याची ओळखच जेवणावरून ठरवली आहे आणि मोल मोजले आहे ते धन्याच्या नुकसानीचे. मला ते कलम वाचून थोडे अस्वस्थ व्हायला झाले. आजच्या इंग्रजीत लॉर्ड आहे, लेडी आहे, मात्र या खाणाऱ्याचा शब्द उरलेला नाही.

धन्याचा शब्द मात्र चढतच गेला. जुन्या इंग्रजीत बायको नवऱ्यालाही ह्लाफोर्द म्हणे. धर्मग्रंथांचे भाषांतर करणाऱ्यांनी लॅटिनमधल्या ‘डॉमिनुस’साठी, म्हणजे प्रभूसाठी, तोच शब्द घेतला आणि भाकरीचा राखणदार देवाच्या आसनावर जाऊन बसला. पुढच्या काही शतकांत आरंभीचा ‘ह’ गळला, मधला ‘फ’ आधी मऊ होऊन ‘व’ झाला आणि मग तोही लोपला. ह्लाफोर्द, लाव्हर्ड, लॉर्ड. स्कॉटलंडात त्याचे ‘लेअर्ड’ झाले आणि तिथे त्याचा अर्थ जमीनदार असा राहिला. शब्दातली रोटी लोपल्यावर तिची आठवण कोणाला राहणार? घरभाडे देताना ‘लँडलॉर्ड’ म्हणणाऱ्या कोणाच्याही मनात ती येत नाही, आणि माझ्या घरमालकाकडे पाहून तर येण्याचे काही कारणही नाही.

एका सणाच्या नावात मात्र ती टिकली आहे. १ ऑगस्टला इथे ‘लॅमस’ असतो, म्हणजे मुळात ‘ह्लाफ-मॅसे’, नव्या गव्हाची पहिली रोटी चर्चमध्ये अर्पण करण्याचा दिवस. आपल्याकडे नवान्न करतात, त्याच जातीचा. आता तो फारसे कोणी पाळत नाही.

आपल्याकडे ‘लाट’ कधी आणि कसा रुळला, हे मला इथे बसून नीट शोधता येत नाही. तुमच्या कपाटात मोल्सवर्थचा कोश आहे. त्याच्या १८५७ च्या आवृत्तीत हा शब्द दिला आहे का, आणि असल्यास अर्थ काय लावला आहे, ते सवडीने पाहून कळवावे. चष्म्याचा नंबर बदलून घेतला असेल तरच पाहावे, कारण त्या कोशाचा टाइप फार बारीक आहे.

तुमचा,
नंदू