वहीतलं प्रश्नचिन्ह

कंडक्टर काका, सलाम.

हे पत्र खरं तर तुमच्या हातात द्यायला हवं होतं. पण बुधवारच्या प्रार्थनासभेत तुम्ही समोर बसलात की माझा गळा दाटतो, आणि जे सांगायचंय ते चार लोकांनीही ऐकावं असं वाटतं. म्हणून इथे उघड लिहितेय. नात वाचून दाखवील तेव्हा मध्येच उठून जाऊ नका.

बाबा गेले त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं मला प्रार्थना येत नव्हती. तोंडाने येत होती. शब्बाथशाळेत, म्हणजे मंडळीतल्या मुलांच्या बायबलवर्गात, मुलांसमोर डोळे मिटले की शब्द आपोआप निघायचे, सोळा वर्षांची सवय ती. घरी एकटी बसले की मात्र आत काही हलायचंच नाही. रडूही नाही, रागही नाही. बायबल उघडावं तर सगळं वाचलेलं, सगळं शिकवलेलं. बायबलमधल्या लावदिकीया गावच्या मंडळीचा धडा मी दरवर्षी घेते. ‘मी श्रीमंत आहे, मला काही उणे नाही’ म्हणणारी ती मंडळी, आणि प्रभू तिला म्हणतो की तू आंधळी आणि उघडी आहेस. त्याचा तक्ता रंगवून भिंतीवर लावलाय मी. तो आपल्यालाही लागू होतो, हे एकदाही मनात आलं नाही.

मी गप्प बसले नव्हते, काका. विचारलं होतं. एका मोठ्या सभेत मंडपामागे उभं राहून एका धर्मसेवकाला सांगितलं. त्यांनी घड्याळ बघत बघत डोक्यावर हात ठेवला आणि ‘विश्वास कमी पडतोय, एकवीस दिवस उपास करा’ म्हणून पुढच्या माणसाकडे वळले. मी उपास केला. नवव्या दिवशी धाकट्याच्या हातून ताट पडलं आणि मी त्याला मारलं. त्याला मी आयुष्यात कधी हात लावला नव्हता. मग आणखी एका वडीलधाऱ्यांकडे गेले. ते म्हणाले, ‘शब्बाथशाळेच्या बाईंनी असं बोलू नये, मुलांवर परिणाम होतो.’ त्या दिवसापासून तोंड मिटलं ते मिटलंच. आजही हे लिहिताना हात थरथरतोय. भूक मेलेल्या माणसाला ‘तुला भूक कशी लागत नाही’ म्हणून दटावणाऱ्यांनी एकदा तरी त्याच्याशेजारी बसून बघावं.

मग आषाढातला तो बुधवार. होड्या कधीच्या वर ओढलेल्या, वारा कौलांखाली शिरत होता, दिवे गेलेले. प्रार्थनासभेला तीन माणसं: तुम्ही, पाळकीणबाई आणि मी. मीसुद्धा आले ती हजेरीपुरतीच. तुम्ही टॉर्च धरून बेचाळिसावं स्तोत्र वाचायला घेतलंत, ‘हरिणी जशी पाण्याच्या प्रवाहांसाठी लुलपते’, आणि तिथेच थांबलात. माझ्याकडे वळून विचारलंत, ‘बाय, लुलपणे म्हणजे नेमकं काय गो?’

सत्तरी ओलांडलेला माणूस. माझ्या जन्माआधीपासून हे स्तोत्र वाचत आलेला. मला आधी वाटलं, माझी परीक्षा बघताय. पण तुमच्या चेहऱ्यावर तसं काही नव्हतं. तुम्हाला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. मी शिकवण्याच्या सुरात ‘म्हणजे तळमळणे’ म्हणाले. तुम्ही मान हलवलीत, पण नजर काढली नाहीत. वाट बघत राहिलात. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘मला नाही माहीत, काका. मला तसं काही होतच नाही.’

तुम्ही काय केलंत ते तुमच्या लक्षातही नसेल. कानामागची पेन्सिल काढलीत. एस.टी.तून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी ती तिथेच असते. शर्टाच्या आतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली शंभरपानी वही काढलीत आणि गुडघ्यावर ठेवून सावकाश लिहिलंत. टॉर्चच्या उजेडात मी वाचलं. ‘लुलपणे’, पुढे एक मोठं प्रश्नचिन्ह, आणि खाली ‘मी आणि बाई, दोघांना विचारायचंय’. मग म्हणालात, ‘पुढच्या बुधवारी बघू,’ आणि शेवटची प्रार्थना माझ्यासाठी केली नाहीत. मला सांगितलंत, ‘तूच कर, माझ्यासाठी कर. मला हल्ली पहाटे उठवत नाही.’

दोन वर्षांत पहिल्यांदा मी कोणासाठी तरी काही मागितलं. चार वाक्यं असतील, तीही अडखळत. घरी जाताना छत्री उलटी झाली, चिंब भिजले आणि रस्ताभर रडत गेले.

पुढच्या बुधवारी तुम्ही उत्तर घेऊनच आलात. मे महिन्यात विहीर आटते तेव्हा नुसती कळशी वाजली तरी बकरी दावं ताणून मान लांब करते, ते लुलपणं. वहीत प्रश्नचिन्हाखाली तेही लिहिलेलं होतं. मी उपासाचं सांगितलं तेव्हा जरा रागावलात. ‘तापातून उठलेल्याला कोणी उपाशी ठेवतं का? पेज देतात. मीठ घातलेली, जरा जरा.’ आणि मला रोज एकच ओळ वाचायला लावलीत, दुसरी वाचायची नाही म्हणून बजावून. तिसऱ्या आठवड्यात मी चोरून दुसरी ओळ वाचली.

त्यानंतर एकदा मुलांकडून येशूचं डोंगरावरचं प्रवचन पाठ करून घेताना मीच थबकले. आधी ‘जे आत्म्याने दीन ते धन्य’ येतं. भुकेले-तान्हेले त्यानंतर, चौथ्या जागी. इतकी वर्षं म्हणून घेतलं, पण क्रम कधी बघितला नव्हता. मी थेट भूक मागत होते. आपलं भांडं रिकामं आहे हे कबूल करायची माझी तयारी नव्हती. तुमची ती वही बघेपर्यंत नव्हती.

आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात जन्मलेल्या नारायण वामन टिळकांबद्दल आपण अभिमानाने बोलतो. १८९५ मध्ये बाप्तिस्मा, मग मिशनमध्ये वीसेक वर्षं, कवी म्हणून मोठं नाव. तरी १९१७ मध्ये, पंचावन्न वर्षांचे असताना, मिशनचं काम सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, सगळे ख्रिस्ताचे म्हणून त्यात एकत्र. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असं ते मोकळेपणाने सांगत. एवढं मिळूनही ज्याला पुरेसं वाटत नाही आणि कोणाकडून मिळालं हे सांगायला जो लाजत नाही, असा माणूस मी फक्त पुस्तकात वाचला होता. तो आमच्या मागच्या बाकावर बसतो, सभेआधी केर काढतो आणि दमट भिंतीवरची बुरशी फडक्याने पुसतो, हे मला दिसलं नव्हतं.

अशी माणसं गावोगाव असतील. बाबांच्या शेवटच्या आठवड्यात शेजारच्या फातिमाचाची रोज न बोलता भाताचं पातेलं ठेवून जायच्या, तेही आज आठवतंय. त्यांचेही आभार मी अजून मानलेले नाहीत. हे पत्र संपलं की जाते.

काका, या बुधवारी त्रेसष्टावं स्तोत्र आहे. यहूदाच्या रानात दावीद देवासाठी तहानलाय, ते. त्यात मला एक ओळ अडलीय. वही विसरू नका.

तुमची,
शब्बाथशाळेची बाई