पिंट्याच्या ताईंना, मनापासून

ताई, हे फोनवर बोलायला गेले असते तर तुम्ही "अगं त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलला असता, म्हणून इथे सगळ्यांसमोरच लिहितेय.

काल घरी पाहुणे आले होते, त्यात एक दाढीवाले, मोठ्या आवाजाचे काका. आमचा बोका पिंट्या शेपटी वर करून सरळ त्यांच्याकडे गेला, पायाचा वास घेतला आणि तिथेच आडवा पडला. बाकीच्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही, मला मात्र आत जाऊन डोळे पुसावे लागले. कारण आमची आधीची मांजर चिंगी आयुष्यभर पलंगाखाली राहिली हो. बेल वाजली की कान चपटे, डोळ्यांची बुबुळं एवढी मोठी, आणि पाहुणे गेल्यावरही रात्रीपर्यंत बाहेर नाही. तिला ज्यांनी दिलं त्यांनी पिल्लांना बंद खोलीत वाढवलं होतं, दार किलकिलं करून ताटली आत सरकवायची आणि झालं. आणि नंतर ज्या डॉक्टरांकडे नेलं त्यांनी मानगूट धरून टेबलावर दाबून ठेवली, वर मलाच म्हणाले मांजराची जात असलीच, माणसाची कधी होत नाही. त्यानंतर नुसती बास्केट दिसली तरी तिला शू व्हायची. मला अजून राग येतो, खरंच येतो.

पिंट्याला घ्यायला तुमच्याकडे आलो तेव्हा कळलं की हे सगळं टाळता येत होतं. पिल्लू साधारण २ ते ७ आठवड्यांचं असतं तेव्हाच माणूस आपला की परका हे त्याच्या मनात बसतं, पुढे शिकवता येतं पण फार हळू आणि बऱ्याचदा अर्धवटच, हे तुम्ही किती सोपं करून सांगितलंत. एलीन कार्श या संशोधिकेने १९८० च्या दशकात केलेल्या प्रयोगाचंही तुम्हीच सांगितलंत, की रोज ४० मिनिटं हाताळलेली पिल्लं १५ मिनिटंवाल्यांपेक्षा माणसाजवळ पटकन येतात. आणि एकाच माणसाने हाताळलं तर पिल्लू त्या एकाचंच होतं, म्हणून तुम्ही काठीवाले आजोबा, टोपीवाला उंच दादा, शाळेतली पोरं, सगळ्यांना आळीपाळीने जमिनीवर बसवायचात, आणि पिल्लांची आई तिथेच शेजारी निवांत लोळत असायची.

पण ताई, माझ्या मनात राहिलंय ते वेगळंच. माझ्या मुलाने पिंट्याला हातात घेतलं, तो वळवळायला लागला, आणि पडू नये म्हणून मुलाने मूठ आवळली. दुसरं कुणी असतं तर ओरडलं असतं. तुम्ही त्याच्या शेजारी बसलात, त्याच्या हाताखाली तुमचा हात धरलात आणि त्याचं एकेक बोट हळूच उघडलंत. पिंट्याचं एक नख तुमच्या ओढणीच्या दोऱ्यात अडकलं होतं, तेही तुम्ही ओढलं नाहीत, तो स्वतः सोडवेपर्यंत थांबलात. तो आईकडे पळाला, मुलाचं तोंड रडवेलं झालं, तर तुम्ही म्हणालात, "जाऊ दे रे, जाता येतं हे कळलं की येतो परत." आणि आला की! त्याच्या गुडघ्याला गाल घासून गेला. तेव्हापासून आमच्या घरात पिंट्याला कुणी धरून ठेवत नाही, मुलगा तर आल्यागेल्याला सांगतो की आधी बोट पुढे करा, वास घेऊ दे, मग हनुवटीखाली खाजवा, पोटाला हात नको.

आपल्या हातात ताकद असताना ती न वापरणारी माणसं फार कमी भेटतात. तुम्ही पिल्लाशी जशा वागता तशाच रडणाऱ्या पोराशी वागलात आणि तशाच माझ्याशीही, मी तेच तेच प्रश्न कितीदा विचारले तरी. असा चांगुलपणा कुणाला दिसतही नाही, त्याचे फोटो निघत नाहीत, पण एखाद्या जिवाचं अख्खं आयुष्य त्याने बदलतं.

मांजर न्यायची पेटी, म्हणजे कॅरिअर, तुम्ही सांगितल्याप्रमाणे घरात कायम उघडीच असते, आत जुना टॉवेल आहे, पिंट्या दुपारी त्यातच झोपतो. लसीला नेताना काहीच त्रास झाला नाही.

आणि एक, पुढची पिल्लं डोळे उघडून जरा चालायला लागली की मला नक्की कळवा. माझा नवरा उंच आहे, आवाज घोगरा आहे, चष्मा आहे, तुमच्या कामाचा माणूस आहे. आम्ही तिघंही येऊन जमिनीवर बसतो, तुम्ही सांगाल तितका वेळ.

तुमची,
पिंट्याची आई