शुल्क माफ करा, पण रुग्णालयाचा हात रिकामा ठेवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून तपासण्या आणि उपचार मोफत झाले. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत केसपेपरचेही पैसे बंद झाले. माझी सगळी नोकरी शासकीय रुग्णालयाच्या शुल्क खिडकीवर आणि पुढे लेखा शाखेत गेली. खिडकीसमोरच्या माणसांचे चेहरे पाहिले असल्यामुळे या निर्णयाचा मला मनापासून आनंद झाला.

मात्र हा निर्णय वैद्यकीय शिक्षण विभागाच्या, म्हणजे मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयांसाठी नव्हता. गेल्या काही वर्षांत सिंधुदुर्ग, सातारा, परभणी, धाराशिव, नंदुरबार अशा अनेक ठिकाणी नवी शासकीय महाविद्यालये निघाली आणि तिथली जिल्हा रुग्णालये त्यांना जोडली गेली. कॉलेज आले ही चांगलीच गोष्ट, पण खाते बदलले की शुल्काचा नियमही बदलतो. आमच्या शेजारच्या काकूंच्या यजमानांच्या पायाला मधुमेहाने जखम झाली आहे. ते ड्रेसिंगला नेहमीच्या रुग्णालयात गेले, तर केसपेपरचे वीस रुपये मागितले. एक्स-रेची पावती वेगळी. इमारत तीच, वॉर्डही तोच. काकूंनी विचारले, “अहो, मागच्या खेपेला तर काहीच लागलं नव्हतं!” खिडकीवरचा मुलगा तरी काय सांगणार? त्याच्यापुढे दरपत्रक असते आणि संध्याकाळी त्याला रोकड जुळवून द्यायची असते.

गरिबांना सवलत आहे, असे उत्तर यावर नेहमी मिळते. सवलत आहे हे खरेच. पिवळे रेशनकार्ड दाखवायचे, समाजसेवा अधीक्षकांची सही आणायची, मग शुल्क माफ होते. पण रात्री अकराला अपघाताचा रुग्ण घेऊन आलेल्या माणसाजवळ रेशनकार्ड नसते आणि अधीक्षकांचे कार्यालय बंद असते. त्याहून मोठी अडचण म्हणजे बहुतेक माणसे माफी मागतच नाहीत. सीटी स्कॅनची चिठ्ठी हातात घेऊन रक्कम विचारतात, “बरं” म्हणतात आणि बाजूला होतात. मग जिन्यात उभे राहून गावाकडे फोन लावतात. काही जण परत खिडकीवर येतच नाहीत. त्यांची नोंद कोणत्याही रजिस्टरला होत नाही.

महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे, तिचा मी आदर करते. 1 जुलै 2024 पासून राज्यातल्या सगळ्याच कुटुंबांना वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण मिळाले. पण ती योजना ठरलेल्या यादीतल्या उपचारांसाठी आहे. ओपीडीतल्या ड्रेसिंगला ती चालत नाही.

आता दुसरी बाजू, जी बाहेर फारशी कुणी बोलत नाही. हे शुल्क रुग्णालयाला लागते. मेडिकल कॉलेजमध्ये ते पीएलए, म्हणजे रुग्णालयाच्या स्वतःच्या ठेव खात्यात जमा होते, जिल्हा रुग्णालयात ते पूर्वी रुग्ण कल्याण समितीच्या खात्यात जायचे. रक्कम फार मोठी नसते, पण रुग्णालयाच्या स्वतःच्या हातातला पैसा तेवढाच. उपकरणे निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हचे गॅस्केट गेले, जनरेटरचे डिझेल संपले, हातमोजे महिनाअखेरीपर्यंत पुरणार नाहीत, अशा वेळी मुंबईकडे डोळे लावून बसता येत नाही. एकदा प्रसूती विभागातला सक्शन पंप बंद पडला होता. सिस्टर धावत लेखा शाखेत आल्या आणि दुरुस्तीचे पैसे त्याच खात्यातून त्याच दिवशी दिले. शासनाच्या नियमित अनुदानातून ते त्या दिवशी शक्य नव्हते. अनुदान बीडीएसवर, म्हणजे शासनाच्या निधीवाटपाच्या संगणक प्रणालीवर टप्प्याटप्प्याने येते, मोठा भाग मार्चमध्ये पडतो आणि 31 तारखेच्या रात्रीपर्यंत आम्ही कोषागारात बिले लावत बसायचो. मार्चमध्ये पैसा आला म्हणून जुलैतला रुग्ण थांबत नाही.

म्हणून नुसते शुल्क बंद केले आणि त्या जागी काहीच दिले नाही, तर भार पुन्हा रुग्णावरच येतो. खिडकीवर वीस रुपये वाचतात आणि बाहेरच्या मेडिकलची चिठ्ठी मिळते, तिथे चारशे जातात. राष्ट्रीय आरोग्य धोरण 2017 मध्ये राज्यांनी अर्थसंकल्पाच्या आठ टक्क्यांहून अधिक रक्कम आरोग्यावर खर्च करावी, असे म्हटले होते. त्यासाठी 2020 ची मुदत होती. महाराष्ट्र अजून त्याच्या फार मागे आहे. राज्याच्या एकूण खर्चापुढे केसपेपरचे उत्पन्न ते किती!

वैद्यकीय शिक्षण विभागाने आपल्या सर्व रुग्णालयांतले शुल्क बंद करावे. त्याच शासन निर्णयात, मागील वर्षी प्रत्येक रुग्णालयात जेवढे शुल्क जमा झाले तेवढी रक्कम एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात अधिष्ठात्यांच्या (डीनच्या) खात्यात देण्याची तरतूद असावी. हा आकडा काढायला समिती नेमायची गरज नाही, तो प्रत्येक रुग्णालयाच्या रोकडवहीत लिहिलेला आहे. आणि हे होईपर्यंत निदान रात्रपाळीच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला शुल्कमाफीची सही करण्याचा अधिकार द्यावा, तसा फलक खिडकीवर मराठीत, मोठ्या अक्षरांत लावावा.

आपली,
एक निवृत्त रोखपाल, मराठवाडा