पोर्टफोलिओला बाइंडिंग कशाला?

संपादक महोदय,

सेमिस्टर संपत आले की कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात पोर्टफोलिओच्या, म्हणजे सेमिस्टरभराच्या कामाच्या फायलीच्या, स्पायरल बाइंडिंगसाठी रांग लागते. नव्या शैक्षणिक धोरणाचा पदवी आराखडा २०२४-२५ पासून महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयांत आला, फील्ड प्रोजेक्ट आणि ओजेटीची (प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणच्या प्रशिक्षणाची) क्रेडिटे आली, तशी ही रांगही लांबली. फायलीत असतात प्रमाणपत्रे, रंगीत फोटो आणि मागच्या वर्षीच्या कुणाच्या तरी अहवालातली प्रस्तावना. पोराला चार माणसांपुढे मुद्दा मांडता येतो का, हे त्यातून कळत नाही.

त्याऐवजी ऑनलाइन पोर्टफोलिओ घ्यावा आणि त्यात कच्चे काम दिसू द्यावे. सेमिस्टरला चार-पाच नोंदी पुरेत. ग्रामपंचायतीला लिहिलेल्या अर्जाचा पहिला आणि सुधारलेला मसुदा, दीड मिनिटाचे स्वतःच्या आवाजातले निवेदन, सर्वेक्षणाच्या आकड्यांवरून एक्सेलमध्ये काढलेला आलेख. आणि प्रत्येकाखाली शंभरेक शब्दांत काय बदलले, का बदलले. खरी परीक्षा या शंभर शब्दांत आहे. 'खूप काही शिकायला मिळाले' असे लिहिलेली नोंद सरळ परत करावी. 'मागणी तिसऱ्या परिच्छेदात दडली होती, ती पहिल्या ओळीत आणली' असे लिहिणाऱ्याला अर्ज कळला आहे. मसुदा गूगल डॉक्समध्ये लिहून घेतला, तर तो आठ दिवसांत घडला की एका रात्रीत चिकटवला, हे त्याच्या आवृत्ती-इतिहासात बरेचसे दिसते.

मांडणीसाठी गूगल साइट्स फुकट आहे. पण त्याचे संपादन संगणकावरच नीट होते, म्हणून वेळापत्रकात लॅबचे दोन तास राखावे लागतात. सगळ्यात जास्त घोळ परवानग्यांचा. साइट सर्वांना खुली असते, पण तिच्यात बसवलेला ड्राइव्हवरचा व्हिडिओ बंदच राहतो, कारण त्याची परवानगी वेगळी द्यावी लागते. स्वतःच्या लॉगिनवर सारे उघडते, त्यामुळे विद्यार्थ्याला पत्ताच लागत नाही. लिंक मित्राच्या मोबाइलवर, इनकॉग्निटो (लॉगिन नसलेल्या) खिडकीत उघडून पाहिली की दोष सापडतो. दुसरे, कॉलेजने दिलेल्या ईमेल खात्यावर साइट बांधू नये. पदवीनंतर खाते बंद झाले की नोकरीच्या मुलाखतीत दाखवायला काही उरत नाही. जुन्या डीटीपी फॉन्टमधला मराठी मजकूर साइटवर अगम्य चिन्हे होऊन उतरतो, तेव्हा टंकलेखन युनिकोडमध्येच हवे. आणि सर्वेक्षणातल्या गावकऱ्यांची नावे, मोबाइल क्रमांक, आधारची छायाचित्रे खुल्या पानावर कदापि नकोत.

शिक्षकांची अडचण खरी आहे. साठ विद्यार्थी, प्रत्येकी दहा मिनिटे म्हटले तरी दहा तास होतात. हे शेवटच्या आठवड्यात आले की फाइल उघडलीच जात नाही, जाडीवर गुण पडतात. सहाव्या आठवड्यात एकच नोंद तपासावी. लिंक उघडते का, दोन्ही मसुदे आहेत का, आवाज ऐकू येतो का, कुणाची खासगी माहिती उघडी नाही ना, एवढे विद्यार्थ्यांनी जोडीने एकमेकांचे आधी पाहावे. मग शिक्षकाला फक्त मजकुराकडे बघायचे उरते.

विद्यापीठांनी परिपत्रक काढून छापील प्रतीची सक्ती उठवावी आणि बहिस्थ परीक्षकांना वर्गाच्या लिंकचा एकच तक्ता आठ दिवस आधी पाठवावा. तोंडी परीक्षेच्या दिवशी नेट गेले तर अडायला नको, म्हणून पानांची पीडीएफ आणि निवेदनाची ध्वनिफीत विभागाच्या संगणकावर उतरवून ठेवली की झाले.

— संवादकौशल्याचे काही अध्यापक